राजमाचीच्या वाटेवर एका वेळी पंचवीस गाड्या कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाची चाहूल लागली की लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या वाटेवर शनिवार-रविवारी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या, गाड्यांच्या रांगा लागतात. मग कुणाची गाडी अडकल्याचं, कुणाला मार लागल्याचं कानावर येतं आणि ‘बंदी घाला’ विरुद्ध ‘हौसेला मोल नाही’ हा ठरलेला वाद सुरू होतो. तांत्रिक बाजू कुणीच मांडत नाही. दगडांच्या वाटेवर जे बिघडतं ते ठरावीक कारणांनी बिघडतं, आणि त्यांतली बरीचशी कारणं गट लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या पुढे सरकण्याआधीच तयार झालेली असतात.

सर्वांत मोठं कारण गाड्यांची संख्या. लोणावळ्यापासून श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंतचं अंतर साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. कागदावर तासाभराचा प्रवास. पण खडकाळ टप्प्यावर गाडी चालत्या माणसापेक्षाही हळू जाते. एखादी अवघड दगडी पायरी एका गाडीने नीट पार करायची तर उतरून पाहणं, चाकाची जागा ठरवणं, चढणं आणि पलीकडे सुरक्षित जागी थांबणं यात पाच-सहा मिनिटं जातात. गाड्या पंचवीस असतील तर एकाच जागी दोन-अडीच तास. अशा चार जागा आल्या आणि गट एकत्र ठेवायचा म्हटलं की दिवस संपला. त्यात एखादी गाडी अडकली तर हिशेबच नको. मग मागचे कंटाळतात, कडेच्या गवतावरून गाडी काढतात आणि वाट दर मोसमात रुंद होत जाते. चाकांनी पाडलेल्या चरातून पुढच्या पावसात पाणी धावतं, माती निघून जाते आणि जिथे पायरी नव्हती तिथे पायरी तयार होते.

उधेवाडीला कर्जतच्या बाजूने कोंदिवड्याहून पायवाट आहे. चाकाची वाट मात्र लोणावळ्याकडचीच. सिलिंडर, किराणा, आजारी माणूस, सगळं तिथूनच येतं-जातं. आपला खेळ चाललाय तो दुसऱ्याच्या रोजच्या रस्त्यावर, एवढं तरी गटप्रमुखांनी लक्षात ठेवावं.

सहा, फार तर सात गाड्या हा योग्य आकडा. माणसं जास्त असतील तर दोन गट करून वेगवेगळ्या वेळी सोडावेत. विंच (मोटरवर दोर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र) असलेली गाडी पुढे. शेवटच्या गाडीत जॅक, पट्टे, अवजारं आणि दुरुस्तीची जाण असलेला माणूस. नवखा चालक दुसऱ्या क्रमांकावर, शेवटाला कधीच नाही. अडथळ्यावर एका वेळी एकच गाडी; पुढची पूर्ण वर गेल्याशिवाय मागची चढाला लावायची नाही, कारण पुढची घसरत मागे आली तर तिला जागा हवी. फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत प्रत्येकाने थांबायचं. हा एक नियम पाळला तरी चुकामूक टळते. दरीत मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो, म्हणून वॉकीटॉकी हवेत. ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले अर्ध्या वॉटचे संच २०१८ पासून विनापरवाना वापरता येतात आणि सहा गाड्यांच्या गटाला ते पुरतात. इतर पट्ट्यांवर चालणारे ताकदीचे संच स्वस्तात मिळाले तरी त्यांना सहसा परवाना लागतो.

कोणती गाडी चालेल, हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याला जरुरीपेक्षा जास्त महत्त्व मिळतं. महिंद्रा थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतची उंची, २२६ मिलिमीटर, फोर्स गुरखाचा २३३, मारुती जिम्नीचा २१०. चार माणसं आणि सामान भरलं की पोटाखालचे दोन-तीन सेंटीमीटर तिथेच गेले. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, पाहायला हवा: तीन दारांच्या थारचा २,४५० मिलिमीटर, पाच दारांच्या जिम्नीचा २,५९०, थार रॉक्सचा २,८५०. व्हीलबेस जितका लांब तितकं पायरीच्या कडेवर गाडीचं पोट लवकर टेकतं. थारची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत; चाक दगडावर चढलं की ते बॉडीकडे सरकतं आणि इंजिनच्या चेंबरखालची (तळाच्या ऑइलच्या भांड्याखालची) जागा कमी होते. जिम्नीला पुढे-मागे अखंड एक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा सलग आस) आहे. चाक वर गेलं की एक्सलही काही प्रमाणात वर उचलला जातो, पण डिफरेन्शियलचा (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेचा) गोळा कायम खाली लोंबतो. तो कोणत्या बाजूला आहे हे घरीच वाकून पाहून ठेवावं आणि दगड त्याच्या दुसऱ्या बाजूने जाईल अशी गाडी घालावी.

गटप्रमुखाने निघण्याआधी एक गोष्ट न लाजता तपासावी. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. बाहेरून ती तशीच दिसते, पण तिला फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) नाही. फोर-लो नसलेली गाडी खडकाळ चढावर आणू नये. क्लच जळेल आणि सगळ्यांची दुपार तिथेच जाईल. शोभेचे फूटबोर्ड घरीच काढून ठेवावेत. पहिल्याच मोठ्या दगडावर ते वाकतात आणि दार उघडेनासं होतं. पुढच्या क्रॅश गार्डवर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी आणली आहे, आणि चढाच्या सुरुवातीला दगडावर आपटणारा पहिला भागही तोच असतो.

आता टायर. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेलं प्रेशर डांबरी रस्त्यासाठी असतं. त्याच प्रेशरवर दगडावर गेलं की टायर चेंडूसारखा उडतो, पकड सुटते आणि प्रत्येक दणका सस्पेन्शनला बसतो. डांबर संपल्यावर थार किंवा गुरखासारख्या जड गाडीत १८ ते २० पीएसआय, जिम्नीसारख्या हलक्या गाडीत १६ ते १८ ठेवावं. टायर दगडावर पसरतो, खाचा धरतो. याहून खाली, १५ च्या आत जायचं नाही. साध्या रिमवर तिरक्या जोराने टायरची कड सुटते आणि हवा एकदम जाते. काळ्या कातळावर हे आकडे बरोबर आहेत. कोकणातल्या किंवा महाबळेश्वरकडच्या जांभ्यावर मात्र दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवावेत. कमी हवेत टायरचा गाल बाहेर फुगतो आणि जांभ्याची धारदार कड नेमका गालच कापते. गालावरचा काप पंक्चर किटच्या दोरीने भरून निघत नाही, स्टेपनीच लावावी लागते. म्हणून स्टेपनी पूर्ण मापाची हवी. परतताना डांबर लागण्याआधी हवा भरायची; कमी हवेने एक्स्प्रेसवेवर गेलं की टायर तापून फुटतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप चार टायर भरता भरता फ्यूज उडवतो. थेट बॅटरीला चिमटे लावणारा कॉम्प्रेसर घ्यावा, आणि गटात दोन असावेत.

चालवण्याबद्दल सांगायचं तर थोडंच, पण ते पाळणारे कमी. फोर-लो, पहिला गिअर, आणि डावा पाय क्लचवरून पूर्ण बाजूला. दगड चाकांच्या मधून काढायचा मोह टाळून चाक दगडावर चढवावं, म्हणजे पोट उचललं जातं. चाक दगडाला टेकलं की क्षणभर थांबून हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर वाढवावा. वेग घेऊन उडी मारणाऱ्याची गाडी एखाद्या वेळी चढतेही, आणि व्हिडिओत तेच दिसतं. हवेत गरगर फिरणारं चाक एकदम कातळावर टेकलं की तो झटका एक्सल शाफ्टला बसतो. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर पुढचा सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) तुटतो. या दोन बिघाडांचे सुटे भाग रानात मिळत नाहीत.

समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं, हवेत गेली की साध्या डिफरेन्शियलची सगळी ताकद त्याच दोन चाकांत वाया जाते. जिम्नीत ब्रेक लावून फिरतं चाक रोखणारी यंत्रणा आहे, पण तिला काम सुरू करायला दोन-तीन सेकंद लागतात. नवखा चालक चाक फिरलं की घाबरून पाय काढतो आणि यंत्रणा जागी होण्याआधीच तिला झोपवतो. थारच्या वरच्या प्रकारांतलं मागचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियलसुद्धा (दोन्ही चाकं एकत्र जखडून फिरवणारं) दोन चाकांच्या वेगात फरक पडल्यावरच लागतं. दोन्हींत अ‍ॅक्सिलरेटर थोडा आणि स्थिर धरून ठेवणं हाच उपाय. गुरखाला पुढे-मागे चालकाने लावायची लॉक आहेत. ती अडथळ्याआधी लावायची, अडकल्यावर नव्हे, आणि पुढचं लॉक लागलेलं असताना गाडी वळायला कुरकुरते हे ध्यानात ठेवायचं. अंगठे स्टिअरिंगच्या आऱ्यांच्या बाहेर ठेवावेत. चाकाला दगडाचा फटका बसला की स्टिअरिंग झटकन फिरतं आणि आत अडकलेला अंगठा मोडतो.

चढ अर्ध्यात सुटला तर गाडी वळवायची नाही. ब्रेक, रिव्हर्स गिअर, आणि आलो त्याच रेषेत सरळ मागे, इंजिनच्या जोरावर. क्लच दाबून सोडलेली गाडी तिरकी होते आणि तिरकी झालेली गाडी उलटते. उतारालाही हेच: पहिला गिअर, क्लच नाही, ब्रेकवर नुसता हलका पाय. छपरावरच्या कॅरिअरवर सामानाचा ढीग असेल तर आडव्या उतारावर गाडी खालच्या बाजूला कलते. जड सामान आत, खाली.

स्पॉटर, म्हणजे खाली उतरून चालकाला वाट दाखवणारा, एकच असावा. चालकाला चार जण चार बाजूंनी ‘लेफ्ट, लेफ्ट, अरे राइट’ ओरडत असतात, हे दृश्य कुठल्याही गटात दिसतं आणि चुकीच्या जागी पडलेल्या बहुतेक चाकांचं मूळ तेच असतं. स्पॉटरने आधी वाट चालून पाहावी, मग गाडीपुढे चार-पाच मीटरवर, चालकाला दिसेल असं, शक्यतो चढाच्या बाजूला उभं राहावं. गाडी आणि दगडाच्या मध्ये नाही, गाडीच्या खालच्या बाजूला नाही, आणि उलटं चालत तर अजिबात नाही. ठेच लागून पडला तर समोर चाक आहे. खुणा हातांनी: स्टिअरिंग ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला हात, मूठ वर केली की जागीच थांबायचं. डावं-उजवं नेहमी चालकाचं. स्पॉटर दिसेनासा झाला की चालकाने थांबायचं.

आणि आता मूळ मुद्दा, ज्याने माणसं जखमी होतात. अडकलेली गाडी ओढण्याची घाई. चिखलात अडकणं वेगळं, दगडावर अडकणं वेगळं. चिखलात चाक रुतलेलं असतं. लवचीक कायनेटिक दोराने झटका देऊन गाडी निघते. दगडावर गाडी बहुधा पोटावर टेकलेली असते. चाकं नुसती फिरत असतात, वजन चेंबरवर, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) किंवा एक्सलच्या गोळ्यावर असतं. अशा गाडीला झटका दिला की निघते ती गाडी नव्हे, गिअरबॉक्सचं हाउसिंग. आधी गाडी उचलायची. बॉटल जॅक, त्याखाली फूटभर लांबीची जाड लाकडी फळी, एक्सलखाली किंवा चासीच्या मजबूत जागी टेकू, आणि चाक वर आलं की त्याखाली चपटे दगड रचायचे, मोठे खाली, छोटे फटींत. बाकी चाकांना पुढून-मागून दगड. उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, हातसुद्धा नाही. वीस मिनिटं लागतात आणि बहुतेक वेळा एवढ्यावरच गाडी स्वतःच्या जोरावर उतरते. उंच दांड्याचा हाय-लिफ्ट जॅक दिसतो झकास, पण आजच्या प्लॅस्टिक बंपरांना तो लावायला जागा नसते आणि दांडा सुटला तर जबड्यावर बसतो. सराव नसेल तर घरी राहू द्या.

यानंतरही निघाली नाही तर विंच. विंच हळू ओढतं, थांबवता येतं, म्हणून दगडावर तेच योग्य. ९,५०० पौंडांचं, म्हणजे साधारण ४,३०० किलोचं विंच या गाड्यांना पुरतं. मात्र ही ताकद ड्रमवरच्या सर्वांत आतल्या थराची असते, बाहेरच्या थरांवर ती घटत जाते. म्हणून दोर भरपूर सोडावा, जोर कमी पडला तर स्नॅच ब्लॉक (कप्पी) लावून दोर दुहेरी करावा. ड्रमवर कृत्रिम धाग्याच्या दोराचे आठ-दहा फेरे राहिलेच पाहिजेत. विंच चालू असताना इंजिन चालू ठेवावं, नाहीतर बॅटरी बसते. झाडाला बांधायचं तर किमान तीन इंच रुंद पट्टा, बुंध्याच्या तळाशी. वायर थेट सालीवर गुंडाळली की झाडाला फास बसतो. मनगटाएवढ्या झाडाला तर हातच लावू नये.

कायनेटिक दोर वापरण्याची वेळ आली तर तो दोन्ही टोकांना चासीला बोल्ट केलेल्या, ओढण्यासाठीच दिलेल्या हुकालाच लावायचा. टो-बॉलला (मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही नाही. ताणात टो-बॉल तुटून गोळीसारखा सुटतो आणि जगभर त्याने माणसं मेली आहेत. बंपरमध्ये फिरवून बसवायचा छोटा हुक सपाट रस्त्यावर टोचन करण्यापुरता असतो; गाडी ट्रकवर बांधण्याच्या कड्या ओढायच्या नसतात. बो-शॅकलवर (दोर हुकाला जोडणाऱ्या, पिन असलेल्या लोखंडी कडीवर) ४.७५ टन असं कोरलेलं हवं. पिन पूर्ण घट्ट करून पाव फेरा मागे घ्यायची, म्हणजे ताणानंतर ती जाम होत नाही. दोरावर मध्यभागी भिजलेलं पोतं किंवा जाड चादर टाकावी. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात दोन चालकांशिवाय कुणी नको, मोबाइल धरून चित्रण करणारे तर मुळीच नकोत. हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉन दोरी आणि ट्रकची साखळी यांचा इथे उपयोग नाही. साखळी ताणली जात नाही, झटका सगळा लोखंडावर जातो. गावातला ट्रॅक्टर मदतीला आला तर साखळी आधी ताणून घ्यावी आणि मग सावकाश ओढावं, झटका न देता.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. ओल्या कातळावर शेवाळ आलं की वर दिलेले टायरचे आकडेही हतबल होतात. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली जाते, ती संथ पाण्यासाठी आहे. वाहत्या ओढ्यात गुडघाभर पाणीसुद्धा हलकी गाडी सरकवतं. काठी घेऊन आधी चालत जावं. माणसाला तोल सांभाळता येत नसेल तर गाडी घालू नये, पाणी ओसरेपर्यंत बसून राहावं. घाटमाथ्यावर पाऊस झाला की ओढा अर्ध्या तासात चढतो. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन-प्रोटेक्ट हे जोडकलम घेतलेलं नसेल तर विमा कंपनी सहसा हात वर करते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर कोसळलेली दरड याच पट्ट्यातली. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा असेल त्या दिवशी सहल रद्द, त्यावर गटात मतदान नको.

सामानात सहसा विसरतात त्या वस्तू: चेंबर किंवा डिफरेन्शियल फुटल्यास एम-सील आणि पाच लिटर इंजिन ऑइल, डिझेलच्या टाकीला बारीक चीर गेली तर घासून बुजवायला साधा कपडे धुण्याचा साबण, बांधायची तार, केबल टाय, होज क्लिप, फ्यूज, टायरचे व्हॉल्व्ह, जाड हातमोजे, क्रेप बँडेज, ओआरएस, हेडटॉर्च. फोर-लोमध्ये इंधन दुपटीच्या आसपास जळतं, म्हणून टाकी लोणावळ्यात भरून घ्यावी.

बंदीने काही साधेल असं वाटत नाही. ताफे दुसऱ्या, कमी ओळखीच्या वाटेवर जातील इतकंच. कास आणि परिसरातल्या सड्यांवर ते गेले तर कातळावरच्या बोटभर मातीतली फुलं पुन्हा उगवायला वर्षं जातील. राखीव वनात मळलेली वाट सोडून गाडी घालणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहेच, त्याची अंमलबजावणी व्हावी. त्याशिवाय राजमाचीपुरत्या तीन गोष्टी स्थानिक ग्रामपंचायत आणि वन विभाग मिळून करू शकतील. वाटेच्या सुरुवातीला नोंदवही ठेवावी: गटप्रमुखाचं नाव, गाड्यांची संख्या, परतीची वेळ. सातपेक्षा जास्त गाड्यांचा गट एकत्र सोडू नये, आणि दोन गटांत किमान एक तासाचं अंतर असावं. जॅक, ओढण्याचा पट्टा आणि दोन शॅकल दाखवल्याशिवाय गट पुढे जाऊ नये. शुल्क घ्यायचं तर ते वाटेच्या चरांत दगड-मुरूम भरायला वापरावं आणि काम उधेवाडीच्याच लोकांना द्यावं.

आपल्या सहल पुरवणीत या वाटेवर लेख येतात तेव्हा अश्वशक्ती आणि छायाचित्रांच्या शेजारी एक छोटी चौकट द्यावी ही विनंती: आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, वन विभाग १९२६, आणि खाली एक ओळ की रेंज मिळाल्यावर फोन करायला माणूस आधी उधेवाडीकडे पाठवावा की लोणावळ्याकडे, हे गटाने निघतानाच ठरवून घ्यावं.

आपला,
एक वाचक, तळेगाव दाभाडे